मोहाच्या लाकडातले खिळे

नागपूरच्या लकडगंजात लाकडाला हौस म्हणून कोणी हात लावत नाही. तिथं लाकूड म्हणजे पोट. दिवसभर लाकूड चिरायच्या आरामशीनवर भुसा खाणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं, की काही शिकलीसवरली माणसं सुटीच्या दिवशी घरचा कूलर सोडून मुद्दाम लाकूड कापायला येतात, तर तो कपाळाला हात लावेल. लावायचेच. मशीनच्या मागं पत्र्याची एक शेड होती, तिथं रविवारी सकाळी तिघं जण जमायचे. मशीनवरची माणसं त्यांना तोंडावर डॉक्टरसाहेब, शेठ आणि मॅडम म्हणायची, आणि पाठीमागं ‘संडेवाले’.

डॉक्टरसाहेब म्हणजे पियूष, दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या जबड्यात वाकून त्याची मान आखडलेली असायची, आणि रविवारी पुन्हा तीच मान वाकवून लाकडाचे पक्षी कोरायला तो हजर. शेठ म्हणजे बाबाराव. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं दुकान. गिऱ्हाइकापुढं दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस शेडमध्ये आला की गप्प. फळी हातात घेतली की आधी तिच्यावरून तळवा फिरवायचे, कापडाचा पोत पाहतात तसा. आणि मॅडम म्हणजे शामला. धंतोलीतल्या एका खाजगी केंद्रात ती एक्स-रे काढायची. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ एवढ्या शब्दांवर तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं. पंचेचाळिशी आली होती, लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला आमची शामला श्वास धरायला लावते आणि सोडा म्हणतच नाही, असं तिची आई शेजारणींना सांगायची.

या हौशी सुतारांची एक गंमत असते. पोटाचा धंदा दाराबाहेर ठेवून आलो म्हणतात, पण हात तर तेच घेऊन येतात. पुढं जे झालं ते त्या हातांमुळं झालं.

त्या एप्रिलात शामलाला आईसाठी काठवट करायची होती. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. इंदूबाईंची जुनी तडकली होती, आणि स्टीलच्या परातीत पीठ मळणं म्हणजे त्यांना भांडी घासल्यासारखं वाटायचं. मशीनच्या अंगणात मोहाचा अर्धा ओंडका पडला होता. एका अंगानं सपाट चिरलेला, दुसऱ्या अंगाला साल. गाभा तांबूस, हाताला गार लागणारा. मनीषनगरकडं कुठला तरी प्लॉट मोकळा केला होता, तिथलं झाड. शामलाला तो पाहताक्षणी आवडला.

“मॅडम, ते नका घेऊ,” आऱ्यावरचा माणूस म्हणाला. “खिळ्याचं झाड आहे ते. अर्धं चिरलं न आऱ्याचे दात गेले. बाकीचं सारं जळाऊत देऊन टाकलं.”

“खिळे काढता येतात की.”

“येते न. पण काढत नाही कोणी,” तो म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

इथंच घोळ झाला. खरा सुतार असता तर खिळ्याचं लाकूड म्हटल्यावर त्यानं ते चुलीत घातलं असतं आणि विषय संपला असता. पण इथं एक्स-रे काढणारी बाई होती, दात उपटणारा डॉक्टर होता, आणि तिघांच्याही अंगात, आम्हाला येतं ते तुम्हाला येत नाही, अशी ती गोड खुमखुमी होती. शामलानं ओंडका केंद्रात नेला. दुपारी पेशंट नसताना तो टेबलावर आडवा केला आणि फोटो काढला. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “श्वास धरा.” मग स्वतःशीच हसली.

फोटोत तीन खिळे पांढरेशुभ्र दिसत होते. दोन खोल, चिरलेल्या बाजूला जवळ. झाड वाढत गेलं तसे ते आत गिळले गेलेले. तिसरा बराच अलीकडचा, सालीपासून जरासा आत. त्या तिसऱ्यापासून एक बारीक काळी चीर निघून खोलवरच्या दोघांकडं गेली होती. काठवट कोरायची ती चिरलेल्या बाजूनं. म्हणजे आडवे येणार ते दोनच. तिसरा तळाच्या जाडीत राहील, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

रविवारी पियूष दवाखान्यातून आपली हत्यारं घेऊन आला. दाताच्या मुळाभोवती हाड मोकळं करतात तसं त्यानं खिळ्याभोवतीचं लाकूड नाजूक हातानं मोकळं केलं, चिमट्यात खिळा धरला आणि ओंडक्याला म्हणाला, “दुखलं तर डावा हात वर करा.” बाबारावही हसले. पहिला खिळा कुरकुरत आला. गंजून अर्धा झालेला, त्याला बाकी काही नव्हतं. दुसरा मात्र सहज येईना. पियूषनं तो इकडं हलवला, तिकडं हलवला, आणि एकदम सुटल्यासारखा तो बाहेर आला. त्याच वेळी शेडमध्ये मोहफुलांचा वास सुटला. ओला, गोड, डोक्यात चढणारा. मोहाचं लाकूड म्हटलं तरी ते वाळलेलं लाकूड, त्याला फुलांचा वास कसला येतो! तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग वास गेला.

दुसऱ्या खिळ्याच्या डोक्याखाली कापडाची चिंधी अडकली होती. चौपदरी दुमडून खिळ्यात ओवलेली, डिंकात भिजून काळी पडलेली. बाबारावांनी ती कोमट पाण्यात धुतली, चिमटीत धरून उजेडाकडं केली, आणि रविवारचं मौन मोडलं.

“हातमागाचं आहे हे. आपल्याकडच्या कोष्ट्यांचं. चौकडी पाह्य. लुगड्याचं नाही, लहान पोरीच्या परकराचं आहे. माह्या बापाच्या वेळी दुकानात हे कापड राहे.”

“खिळ्यात कशाला खुपसलं असेल?” पियूषनं विचारलं.

“मले काय ठाऊक गा,” बाबाराव म्हणाले, आणि चिंधी त्यांनी घाईघाईनं शामलाच्या हातात देऊन टाकली.

शामला दुपारी घरी आली तर इंदूबाई जिन्यात उभ्या. अनवाणी, पदर डोक्यावर, घामानं निथळत. मनीषनगरातली ती दुसऱ्या मजल्यावरची सदनिका. जिन्यातल्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसावा असं ऊन.

“आई, काहून बाहेर उभी आहे तू?”

“आत बसला आहे तो,” इंदूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शामलानं कधी ऐकलेला नव्हता असा होता. लहान मुलीचा.

ही बाई कशी होती हे सांगितल्याशिवाय यातली गंमत कळायची नाही. घरात निघालेला साप झाडूच्या दांड्यावर उचलून कुंपणापलीकडं टाकणारी. नवरा गेल्यावर शेताच्या वाटणीसाठी दिरांच्या घोळक्यात एकटी जाऊन बसणारी आणि वाटणी घेऊनच उठणारी. सत्तरी झाली तरी अंधारात दिवा न लावता पाणी प्यायला जायची. त्या इंदूबाई शामलाचा हात दोन्ही हातांनी धरून होत्या, सोडत नव्हत्या.

“कोण बसलाय?”

“कपाटापाशी. पाठमोरा बसून राहिला. हालत नाही, बोलत नाही.”

शामला आत गेली. कपाटाजवळ कोणी नव्हतं. भिंत, फरशी, कोपऱ्यात टेकवून ठेवलेली चटई. कूलर घरघरत होता. ती परत आली, आईला समजावून आत आणलं, पन्हं दिलं. इंदूबाईंनी कपाटाकडं एकदा पाहिलं आणि तोंड पदरात लपवलं.

ऊन लागलं असेल, असं शामलानं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उन्हाचं कारण पुरेना. इंदूबाई त्या खोलीत जायला तयार होईनात, पण तिच्याकडं पाठ करायलाही तयार होईनात. स्वयंपाकघराच्या दारात बसून त्या कपाटाच्या दिशेनं पाहत राहायच्या.

“आता कान दिसते त्याचा,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“वळून राहिला तो. तू पाहत नाही तेव्हा वळते. काल पाठ होती पुरी. आता कान दिसते.”

शामलानं आपल्याच केंद्रात आईच्या डोक्याची तपासणी करून घेतली. फोटो स्वच्छ. डॉक्टरांनी वयाचं नाव सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळी घेऊन इंदूबाई झोपायच्या आणि झोपेतून किंचाळत उठायच्या, कारण झोपेत त्यांचं लक्ष नसायचं, आणि लक्ष नसलं की तो वळायचा. जे डोळ्याला दिसत नाही ते दाखवायचं, हाच शामलाचा धंदा. आणि घरच्या माणसाच्या बाबतीत तिच्या हाती काही लागेना. याचं तिला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणाचा ते कळेना.

तिला दिसलं ते एवढंच. एका सकाळी तिनं ती खोली ओल्या फडक्यानं पुसली. नागपूरचा एप्रिल, फरशी पुसता पुसता वाळत येते. कपाटापाशी मात्र एक गोल तुकडा ओलाच राहिला. एखादा माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागेल तेवढा. शामला तिथं गुडघ्यावर बसून पाहत राहिली. दुपारपर्यंत तो वाळला नाही.

त्या दिवशी तिनं पर्समधली चिंधी काढून आईपुढं ठेवली. का ठेवली ते तिलाही सांगता आलं नसतं. खिळा निघाला त्याच दिवशी आई जिन्यात आली होती, हा हिशेब तिच्या डोक्यात कुठं तरी चालला असावा.

इंदूबाईंनी चिंधी पाहिली आणि एकदम शांत झाल्या.

“हा माह्या परकराचा,” त्या म्हणाल्या. “कुठून आणला वं?”

शामलानं ओंडक्याचं सगळं सांगितलं. इंदूबाई ऐकत होत्या, पण डोळे कपाटावर.

“मनीषनगर झालं नव्हतं तेव्हा. सारी वावरं होती इथं. बांधावर तो मोह होता. पोरगं दचकलं, काही पाहिलं, ताप येऊन राहिला, जेवत नाही, तर त्याची दचक त्या मोहाले खिळून टाकत. त्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी घ्यायची, खिळ्यात ओवायची आणि भर दुपारी ठोकायची. झाड ती दचक ठेवून घेई. मी पाच-सहा वर्साची होती. हा असाच दिसे मले, चुलीपाशी. पाठमोरा. गाल दिसाले लागला तेव्हा माह्या आजीनं खिळलं. मग नाही दिसला. मग मले कशाचंच भेव नाही वाटलं.” त्यांनी बोटानं कपाटाकडं दाखवलं. “तेव्हा अर्धाच वळला होता, आता पुरा वळते तो.”

“आम्ही तो खिळा काढला,” शामला म्हणाली.

“कोणी काढत नाही ते. झाड पडलं तर खिळ्यासकट जाळते. मग दचकबी जळते त्याच्याबरोबर, कायमची.”

“मग परत ठोकू. त्याच लाकडात.”

“ठोक,” इंदूबाई पटकन म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी शामलाकडं मान वळवली. “किती खिळे होते त्यात?”

“तीन. तिसरा सालीकडं आहे, तो नाही काढला.”

इंदूबाईंनी पुढ्यातली चिंधी बोटांनी सपाट केली. कूलरमधल्या वाळ्याचा वास खोलीभर होता.

“तिसरा तुहा आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “चार वर्साची होती तू. मीच ठोकला.”

“मी काय पाहिलं होतं?”

“लहान पोरं काहीबी पाहते.”

“पण काय?”

“गेलं ते. काहून उकरते?” मग त्यांनी शामलाचं मनगट धरलं. “त्या लाकडाले हात लावू नको आता. राहू दे माहा खिळा. मी म्हातारी बाई, अजून किती दिवस? वळू दे त्याले. पाहून घेईन त्याचं थोबाड.”

हे बोलताना त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते. आई धीर दाखवते आहे, आपल्याला त्रास नको म्हणून, असं शामलाला वाटलं, आणि तिला रडू आलं. तिचा तर्क अर्धाच बरोबर होता.

काठवट तोवर निम्मीअधिक कोरून झाली होती. म्हणजे लाकूड आता पातळ झालं होतं. शामलानं ती पुन्हा टेबलावर घालून फोटो काढला. पियूषनं मोकळी केलेली जुनी भोकं कोरण्यात नाहीशी झाली होती. नवा खिळा बसेल अशी जाडी फक्त एका जागी होती, आणि ती बारीक चीर नेमकी तिथूनच तिसऱ्या खिळ्याकडं जात होती. कुठल्याही सुताराला हे पाहून जे सुचलं असतं तेच तिघांना सुचलं: आधी गिरमिटानं भोक पाडायचं, मग खिळा हलकेच बसवायचा, म्हणजे लाकूड फुटणार नाही. रविवारी त्यांनी तसंच केलं. चिंधी ओवली, खिळा भोकात छान बसला. शामला घरी धावली.

“गाल,” इंदूबाई दारातून म्हणाल्या. “गाल दिसून राहिला. दाढी वाढली आहे.”

“भोकात बसवलेला खिळा धरत नसेल,” बाबाराव फोनवर म्हणाले. आता ते आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी बोलत. “खिळ्यानं आपली वाट आपण चिरत गेलं पाहिजे. लाकडानं त्याले आवळलं पाहिजे. त्याशिवाय धरील काय ते?”

“मग फुटेल.”

“फुटंल तर.”

“आणि दुसऱ्या मोहात ठोकला तर?”

“तुह्या आईले इचार.”

इंदूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ज्या झाडानं दचक एकदा घेतली तेच ती ओळखते, दुसरं घेत नाही. मग पुन्हा म्हणाल्या, “राहू दे वं शामे. पाया पडते तुह्या.” आईनं आपल्या पाया पडायची भाषा करावी, हे शामलाला सहन झालं नाही. त्या रात्रीपासून इंदूबाईंनी जेवण सोडलं. डोळे मिटले की तो वळतो म्हणून त्या पापण्या बोटांनी वर धरून बसू लागल्या. बोटं दुखायला लागली की रडत. त्यांचे डोळे लाल झाले होते, गालफडं बसली होती. हे असंच चाललं तर तो पुरता वळायच्या आधीच ही बाई मरेल, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

एका दुपारी शामला कामावर असताना फोन आला.

“डोळ्याची कड दिसाले लागली,” इंदूबाई म्हणाल्या. मग फोनमध्ये नुसता श्वास.

शामलानं पेशंटला तसंच उभं सोडलं. “सोडा, सोडा श्वास,” दारातून ओरडली आणि स्कूटर काढली. वाटेत दोघांना फोन केले. बाबाराव दुकान नोकरावर टाकून आले. पियूष हातमोजे घालूनच आला. रविवार नसताना हे तिघं शेडमध्ये शिरलेले पाहून मशीनवरच्या माणसांनी आरा बंद केला, पण कोणी जवळ आलं नाही.

शामलानं काठवट पालथी घातली. भोकातला खिळा उपटला, चिंधी नीट चौपदरी केली, ओवली, आणि शेजारच्या कोऱ्या लाकडावर टोक धरलं.

“शामलाताई, फुटणार आहे,” पियूष म्हणाला. “तिसरा निघेल. तो तुमचा आहे न?”

“माहीत आहे.”

“तुम्ही काय पाहिलं होतं तेही तुम्हाला माहीत नाही.”

“चार वर्षांच्या पोरीनं काय पाहिलं असेल? मांजर पाहिली असेल, बुवा पाहिला असेल,” शामला म्हणाली. “मी आता घोडी झाले. पाहून घेईन.” आपण आईचेच शब्द बोलतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला आईबद्दल अतोनात माया दाटून आली. तिनं हातोडा मारला.

लाकडानं खिळा घेतला. पहिल्या घावाला थोडा, दुसऱ्याला निम्मा. हाताला कळत होतं; आतून कोणी तरी ओढून घेतल्यासारखा तो जात होता. शेवटच्या घावाला खिळ्याचं डोकं चिंधीवर घट्ट बसलं, आणि काठवट त्या चिरेवरून कडाडून दुभंगली. तिसरा खिळा टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत शामलाच्या चपलेशी येऊन थांबला. त्यात गुलाबी फ्रॉकची चिंधी होती.

पुन्हा तो वास आला. फुलांचा, ओला, गोड. मग गेला.

शामलानं आईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर इंदूबाईंनी उचलला.

“नाही वं कोणी,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा स्वतःचा होता, जाडाभरडा. “कोपरा मोकळा आहे. आत्ता होता, आत्ता नाही.” मग एकदम, “काय केलं तू? शामे, काय करून बसली?”

“घरी येते,” शामला म्हणाली, आणि हसत-रडत फोन ठेवला.

ज्या अर्ध्यात इंदूबाईंचा खिळा होता तो बाबारावांनी लगेच चुलीत घातला. मशीनवरच्या माणसांची चहाची चूल होती, त्यांनीच लाकडं मागं सारून जागा करून दिली. पियूषनं दुसरा अर्धा हातात घेतला. सालीकडचा भाग भुंग्यांनी आतून पोखरला होता. त्यानं तिसरा खिळा त्यात दाबून पाहिला. बोटानं आत गेला आणि बोटानंच बाहेर आला. लाकडात धरायची ताकदच उरली नव्हती.

“राहू द्या,” शामला म्हणाली. तिनं शेडचे चारही कोपरे पाहिले. आऱ्याकडं पाहिलं, भुशाच्या ढिगाकडं, माणसांच्या तोंडांकडं. काहीच वाटलं नाही. बाबाराव तिच्याकडं टक लावून पाहत होते. “काही नाही हो,” ती त्यांना म्हणाली.

स्कूटरवरून घरी येईपर्यंत ती प्रत्येक गोष्ट तपासत होती. भोंग्यांचे आवाज, पुलाखालचा अंधार, उड्या मारणारी कुत्री, मनीषनगरच्या फाटकाजवळचा म्हसोबाचा शेंदरी दगड. यातल्या कशाला मी भ्याले होते? कशालाच नाही. तिचं मन हलकं होत गेलं. चाळीस वर्षं झाडात राहून दचक विरून गेली असेल, लाकडातल्या भुंग्यांनी ती खाऊन टाकली असेल. जिना चढताना ती चक्क गुणगुणत होती. दाराबाहेर डाळीचे गोळे घातलेल्या गोळाभाताचा वास येत होता. इतक्या दिवसांनी आईनं स्वयंपाक केला होता. तिनं बेल वाजवली.

इंदूबाईंनी दार उघडलं.

शामलाला आई दिसली. तेवढीच. मागं कोणी नव्हतं, चेहरा बदललेला नव्हता, तेच हिरवं पातळ, तीच कपाळावरची गोंदणाची खूण, हळदीचे हात. आणि ते पाहून तिला जी भीती वाटली तशी कधी वाटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती मागं सरकत कठड्यावर आदळली, चटका बसला तरी सरकत राहिली. ही आई आहे, ही आई आहे, असं ती मनात घोकत होती, आणि प्रत्येक वेळी आई म्हटलं की ती भीती दुप्पट होत होती.

“शामे,” इंदूबाईंनी हात पुढं केला.

शामला किंचाळली. ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली आणि तिनं डोकं हातांनी झाकलं.

हात तिथंच थांबला. मग हळूच मागं गेला.

“अशीच करे तू,” इंदूबाई दारातूनच, जागचं न हलता म्हणाल्या. “मले पाहिलं की. माह्या हातून दूध घेत नव्हती. मी काय केलं होतं, देवाशपथ, काहीच नव्हतं केलं. घरातले माह्याकडं पाहत, का हिनं पोरीले काय केलं. म्हणून म्हटलं होतं तुले, त्या लाकडाले हात लावू नको.” त्या रडत नव्हत्या. इतके दिवस त्या वळणाऱ्या माणसाकडं पाहून रडून घेतलं होतं, आता डोळ्यांत काही उरलं नसावं.

शामलाला म्हणायचं होतं, आई, थांब, होईल ठीक, मला थोडा वेळ दे. तिनं गुडघे आणखी जवळ ओढले.

“ऊन आहे बाहेर,” इंदूबाई म्हणाल्या. “मी आतल्या खोलीत जाते, दार लावून घेते. मग तू ये.”

त्या आत गेल्या. आतलं दार लागलं, कडी वाजली. बऱ्याच वेळानं शामला भिंतीला धरून उठली आणि घरात आली. उंबऱ्यापासून हातभर आत, जमिनीवर ताट वाढून ठेवलं होतं. गोळाभात, वर तेलाची धार, बाजूला कांदा. पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. तिला भूक होती. ती ताटापुढं बसली, बाहेरच्या दाराकडं पाठ करून, आतल्या बंद दारावरची नजर न काढता.

“मीठ बरोबर आहे न वं?” आतून विचारलं.

घास शामलाच्या हातातच राहिला. ती जागेवरून मागं सरकली, आणि सरकल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

“बरोबर आहे,” ती कशीबशी म्हणाली.

पलीकडं कोणी तरी दाराला टेकून खाली बसल्याचा आवाज आला. शामलानं ताट आणखी थोडं उंबऱ्याकडं ओढलं आणि ती जेवू लागली.